शाहू महाराजांच्या दोन याद्या: मृत्युपत्र की राज्याचे दानपत्र?

१/ १५ डिसेंबर १७४९ रोजी छत्रपती शाहू महाराजांचे साताऱ्यात निधन झाले. मागे पुत्र नव्हता. अखेरच्या दुखण्यात त्यांनी स्वहस्ते लिहिलेल्या दोन छोट्या याद्या पेशवे नानासाहेबांच्या नावे आहेत. या याद्यांनी राज्य पेशव्यांना दिले, असे सर्रास म्हटले जाते. माझ्या मते, मूळ मजकुराला हे विधान पेलत नाही.

२/ पहिल्या यादीचा आशय असा: फौज उभारा, राज्यभार चालला पाहिजे, पुढे वंश बसवा, मात्र कोल्हापूरचा नको, चिटणिसांना सर्व सांगितले आहे, तसे करा, जो वंश येईल त्याच्या आज्ञेत राहून राज्यमंडळ चालवा.

३/ दुसरी यादी पहिलीला पुरवणीसारखी आहे. तुम्ही राज्य राखाल हा भरवसा. येणारा वंश तुमचे प्रधानपद चालवील, न चालवील तर त्याला शपथ. आणि पुन्हा तीच अट, त्याच्या आज्ञेत राहून सेवा करा.

४/ मृत्युपत्र आणि पुरवणीपत्र न्यायालय कसे वाचते? भारतीय वारसा अधिनियम, १९२५ नुसार पुरवणीपत्र हा मृत्युपत्राचाच भाग असतो. कलमाचा अर्थ संपूर्ण दस्तऐवजावरून काढायचा असतो. दोन कलमे एकत्र नांदूच शकत नसतील, तरच शेवटचे मानायचे. हा कायदा अर्थातच अठराव्या शतकाला लागू नाही आणि राज्य म्हणजे खासगी वाडा नव्हे. पण वाचनाची ही शिस्त इतिहासालाही उपयोगी आहे.

५/ या शिस्तीने पाहता दोन्ही याद्यांत विसंगती नाही. दुसरीने पेशव्यांना प्रधानपदाची हमी दिली, पण आज्ञापालनाची अट काढली नाही. उलट पुन्हा लिहिली. म्हणजे पेशवे येथे वारस नव्हेत, अंमलबजावणी करणारे विश्वस्त आहेत.

६/ याद्या बनावट असाव्यात, असाही संशय घेतला जातो. तो मला पटत नाही. पेशव्यांच्या बाजूने कोणी त्या रचल्या असत्या, तर पेशव्यांनाच बांधणारी अट दोनदा कशाला घातली असती?

७/ 'कोल्हापूरचा नको' हे कलम समजण्यासाठी १७३१ चा वारणेचा तह आठवावा. आज सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांच्या सीमेवरून वाहणारी वारणा तेव्हा दोन छत्रपतींच्या राज्यांची हद्द ठरली. तेथील संभाजीराजांना गादीवर आणणे म्हणजे ती वाटणी मोडणे होते.

८/ खरी उणीव दुसरीकडे आहे. यादीत वारसाचे नाव नाही! ते चिटणिसांना तोंडी सांगितलेल्या गोष्टींवर सोपवले गेले. ताराबाईंनी आपला नातू म्हणून ज्यांची माहिती दिली होती, ते रामराजे जानेवारी १७५० मध्ये गादीवर आले. त्याच वर्षी नोव्हेंबरात ताराबाईंनी त्यांना साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केले आणि पुढे ते आपले नातू नव्हेतच, असे जाहीर केले. ज्यांच्या शब्दावर वारस ठरला, त्यांनीच शब्द फिरवला. आणि त्या शब्दाला ताडून पाहावे असे नाव कागदावर नव्हते.

९/ त्या कैदेआधीच, सांगोल्याच्या करारात, रामराजांनी कारभाराची सूत्रे पेशव्यांकडे सोपवली होती. १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वेंकटाचल अय्यंगार खटल्यात सांगितले की, मृत्युपत्र पुढे करणाऱ्यानेच ते घडवण्यात पुढाकार घेतला असेल आणि मोठा लाभही त्यालाच होत असेल, तर संशय दूर करण्याची जबाबदारी त्याचीच. याद्या खऱ्या मानल्या, तरी पेशव्यांना एक प्रश्न विचारायलाच हवा: विश्वस्ताने अट पाळली का?

१०/ माझे उत्तर: अर्धीच. राज्य राखले, वाढवलेही. पण आज्ञा देणारा छत्रपती साताऱ्यात नामधारी उरला. त्यामागे नानासाहेबांची महत्त्वाकांक्षा होती, ताराबाईंचे राजकारण होते, रामराजांचे दौर्बल्य होते. हे सारे १७५० नंतर घडले. त्याचे खापर किंवा श्रेय शाहू महाराजांच्या लेखणीवर टाकू नये. दस्तऐवजात काय लिहिले आहे आणि त्याचे पुढे काय केले गेले, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.