विश्लेषण : ‘बीइंग अ फ्रेशर’ हे वाक्य नेमके कुठे चुकते?

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला कॅम्पस प्लेसमेंटचे वारे वाहू लागले की अनेक अर्जांत एक वाक्य हमखास दिसते : ‘बीइंग अ फ्रेशर, युअर कंपनी इज द बेस्ट प्लेस टू स्टार्ट माय करिअर.’ स्पेलिंग अचूक, शब्द सोपे. पण इंग्रजीच्या नियमानुसार इथे फ्रेशर ठरते ती कंपनी! या चुकीला ‘डँगलिंग मॉडिफायर’ म्हणतात. ती दिसली की ‘इंग्रजी कच्चे’ असा शिक्का बसतो. तो अन्यायकारक आहे, कारण ही चूक अनेकदा मराठीच्या सवयीतून येते. आणि तिचा उपायही मराठीतच आहे.

नियम काय सांगतो?

वाक्याच्या सुरुवातीला ‘-इंग’चा तुकडा आला आणि त्यात कर्ता नसला, तर स्वल्पविरामानंतर येणारा कर्ताच ती क्रिया करतो असे इंग्रजी वाचक धरतो. तो कर्ता चुकीचा असेल तर तुकडा अधांतरी लोंबकळतो. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे तेही इथे घसरतात. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे प्राध्यापक विल्यम स्ट्रंक यांनी १९१८ मध्ये विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या ‘द एलिमेंट्स ऑफ स्टाइल’ या पुस्तिकेत यासाठी स्वतंत्र नियम दिला होता.

मराठी माणूस कुठे फसतो?

‘लोकलने प्रवास करताना माझा फोन चोरीला गेला.’ या मराठी वाक्यात काहीच खटकत नाही. ‘-ताना’ला दोन्ही क्रियांचा कर्ता एकच असण्याची गरज नसते. हेच शब्दशः इंग्रजीत नेले की होते ‘व्हाइल ट्रॅव्हलिंग बाय लोकल, माय फोन वॉज स्टोलन’. म्हणजे प्रवासी कोण, तर फोन!

आता दुसरे वाक्य पाहा : ‘घरी येऊन पाऊस सुरू झाला.’ हे मात्र लगेच कानाला खटकते. जणू पाऊसच घरी आला. ‘घरी आल्यावर’ म्हटले की वाक्य सुधारते. ‘-ऊन’ला बहुतेकदा दोन्ही क्रियांचा कर्ता एकच लागतो, हे मराठी मुलांना कोणी न शिकवता कळते. इंग्रजीच्या वर्गात एवढेच सांगायला हवे : सुरुवातीचे ‘-इंग’ हे ‘-ताना’सारखे नाही, ‘-ऊन’सारखे वापरा. व्याख्या पाठ करून घेण्यापेक्षा ही तुलना जास्त उपयोगी पडेल.

दुरुस्ती कशी करायची?

स्वल्पविरामाशी थांबून ‘हे कोणी केले?’ असे विचारायचे. उत्तर पुढच्या कर्त्यात नसेल तर दोन मार्ग आहेत. एक, खरा कर्ता पुढे आणणे : ‘बीइंग अ फ्रेशर, आय वुड लाइक टू स्टार्ट माय करिअर विथ युअर कंपनी.’ दोन, पहिल्या तुकड्यालाच कर्ता देणे : ‘व्हाइल आय वॉज ट्रॅव्हलिंग बाय लोकल, माय फोन वॉज स्टोलन.’ ‘कन्सिडरिंग’, ‘जनरली स्पीकिंग’ असे रुळलेले प्रयोग या नियमातून सुटतात.

एवढे महत्त्व कशाला?

प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये ‘यूझिंग अ सेन्सर, द टेम्परेचर वॉज मेझर्ड’ असे वाक्य सर्रास चालते. तापमान कोणी मोजले याला तिथे फारसे महत्त्व नसते, आणि ते ठीकच आहे. पण ‘आफ्टर रिव्ह्यूइंग द डॉक्युमेंट्स, द क्लेम वॉज रिजेक्टेड’ असे पत्र विमाधारकाच्या हाती पडते, तेव्हा कागदपत्रे कोणी तपासली आणि दावा कोणी फेटाळला, हे दोन्ही गायब असते. दाद मागायची कोणाकडे? इथे प्रश्न व्याकरणापुरता राहत नाही, जबाबदारीचा होतो.

हल्ली दुरुस्तीचे काम सॉफ्टवेअरवर सोपवले जाते. ते शब्दांची जागा बदलून देईल, पण दावा कोणी फेटाळला हे त्याला ठाऊक नसते. ते लिहिणाऱ्यालाच माहीत असते. म्हणून अर्ज असो वा कार्यालयीन पत्र, पाठवण्यापूर्वी स्वल्पविरामाशी क्षणभर थांबून ‘कोणी?’ हा प्रश्न त्यानेच विचारायला हवा.