भिंतीला तोंड हवे

भिंतीला कान असतात, ही म्हण ज्याने काढली त्याच्या कानांविषयी मला आदर आहे. पण भिंतीच्या तोंडाचा विचार त्या भल्या गृहस्थाने केला नाही. त्याचा तरी काय दोष? त्याच्या काळी भिंती मातीच्या असत, आणि त्यांच्याकडून कुणी उत्तराची अपेक्षा करीत नसे. आता भिंत संगणकात जाऊन बसली आहे. तिला फायरवॉल म्हणतात. फायरवॉल म्हणजे आगीची भिंत. आम्हा वर्धेकरांना तिचे कौतुक नाही. मे महिन्यात दुपारी दोन वाजता उंबऱ्याबाहेर पाऊल टाकले की ती आमच्यासमोर उभीच असते.

माझे भांडण भिंतीशी नाही. भिंत हवीच. माझे भांडण आहे एका वाक्याशी. आर्वीपासून हिंगणघाटपर्यंत कुठल्याही खिडकीवर जा, तुम्हाला ते ऐकू येईल : ‘सर्व्हर डाऊन आहे. उद्या या.’

अशाच एका खिडकीसमोर (कुठल्या ते विचारू नका, मला तिथे पुन्हा जायचे आहे) एका दाखल्याच्या नकलेसाठी मी उभा होतो. पुढे समुद्रपूरकडून एस.टी.ने आलेल्या एक बाई होत्या. वेचणीचे दिवस, म्हणजे दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या. त्यांना ते वाक्य मिळाले. ‘उद्या म्हणजे पुन्यांदा तिकीट लागन ना जी,’ एवढे बोलून त्या वळल्या. तेवढ्यात शिपाई माझ्या कानाशी आला. ‘काकाजी, सर्व्हर काई डाऊन नाई. आतल्या खोलीत त्याचा हिरवा लाइट लुकलुक करून राह्यला. माह्या डोयानं पाह्यलं.’

शिपाई अगदी खरे बोलत होता. आतल्या खोलीतला तो डबा म्हणजे साऱ्या कचेरीचे सामायिक कपाट. प्रत्येक टेबलावरचा संगणक तारेतून त्या कपाटात हात घालतो आणि फाइल काढतो. कपाट धडधाकट, टेबलही धडधाकट. मधे भिंत, आणि भिंतीतले दार बंद. मग सर्व्हरची बदनामी का? कारण तो बिचारा खिडकीवर येऊन खुलासा करू शकत नाही.

आता या दारांची गंमत ऐका. सामायिक कपाटाची एक जुनी पद्धत सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९८४ साली काढली. तिचे नाव एन.एफ.एस. हिचे मुख्य दार २०४९ क्रमांकाचे. पण १९९५ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपर्यंत नुसते ते उघडून भागत नसे. आधी १११ क्रमांकाच्या दारावर चौकशी करायची, तिथला इसम सांगणार की कपाटाची किल्ली देणारे गृहस्थ आज अमुक दारात बसले आहेत. हे गृहस्थ, त्यांना मुद्दाम बांधून ठेवले नाही तर, डबा सुरू होईल तेव्हा मिळेल त्या दारात बसणार! मग काल चालू असलेले काम वीज जाऊन आल्यावर बंद पडते, यात नवल ते काय? वीज येते, डबा उठतो, किल्लीवाले नव्या दारात जाऊन बसतात, आणि भिंतीवरचा पहारेकरी जुन्याच दाराची परवानगी कुरवाळीत बसतो. चौथ्या आवृत्तीने सगळा कारभार एकट्या २०४९वर आणला, त्यालाही आता वीस वर्षे उलटून गेली. विंडोजवाल्यांचे दार वेगळे, ४४५ क्रमांकाचे.

याला उपाय किती सोपा! चौथी आवृत्ती घ्या, किंवा किल्लीवाल्यांना एका क्रमांकावर कायमचे बसवा आणि तो क्रमांक कागदावर लिहून भिंतीला चिकटवा. पत्ता पक्का करण्याचे महत्त्व निदान वर्धा जिल्ह्याला तरी शिकवायला नको. गांधीजी १९३६ साली ज्या शेगावात राहायला आले, त्याच नावाचे दुसरे शेगाव बुलढाणा जिल्ह्यात रेल्वेवर होते. पत्रे तिकडे जाऊ लागली. तेव्हा ‘पोस्ट डाऊन आहे’ म्हणून कुणी स्वस्थ बसले नाही. १९४० साली गावाचे नावच सेवाग्राम केले. चुकतो कुठे ते पाहिले आणि तेवढेच दुरुस्त केले.

आमचे तज्ज्ञ मात्र दोनच गोष्टी करतात. पहिली, पिंग. पलीकडून उत्तर आले की जाहीर करतात, ‘रस्ता मोकळा आहे!’ अहो, फाटकातून हाक मारली आणि आतून ‘ओ’ आली, म्हणजे स्वयंपाकघराचे दार उघडे असते का? ज्या दारातून जायचे तेच ठोठावून पाहावे, २०४९ नाही तर ४४५. दुसरी गोष्ट अधिक भयंकर. ‘फायरवॉल बंद करून टाका!’ काम चालू होते, चहा येतो, तज्ज्ञ निघून जातो, आणि भिंत पडलेलीच राहते. २०१७च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाची कीड या ४४५च्याच दारातून जगभर शिरली. इंग्लंडातल्या इस्पितळांना रोगी परत पाठवावे लागले. पुढच्याच महिन्यात तिच्या दुसऱ्या भावंडाने मर्स्क कंपनीला गाठले आणि आपल्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या तिच्या टर्मिनलचे काम ठप्प केले. दार सापडत नाही म्हणून भिंत पाडणारा माणूस दुरुस्तीवाला नव्हे, दरोडेखोराचा अवैतनिक मदतनीस होय.

आता मूळ मुद्दा. भिंत दोन प्रकारे नाही म्हणू शकते. एक, स्पष्ट : ‘या दाराने प्रवेश नाही.’ टेबलावरच्या संगणकाला ते तत्क्षणी कळते. दुसरा प्रकार, मौन. आलेली विनंती गिळायची आणि काही झालेच नाही असे दाखवायचे. मग लिनक्सवाला संगणक पुन्हा पुन्हा विचारीत दोन मिनिटांहून अधिक ताटकळतो, आणि एन.एफ.एस.चे कपाट आधीच जोडलेले असले तर ‘सर्व्हर उत्तर देत नाही, प्रयत्न चालू आहे’ असे म्हणत दिवसभरही थांबतो. पाहा, गप्प बसली भिंत आणि नाव आले सर्व्हरचे!

तज्ज्ञ म्हणतील, उत्तर दिले की चोराला घराचा सुगावा लागतो. मान्य! रस्त्याकडच्या भिंतीने खुशाल मौन पाळावे. पण माजघर आणि ओटीच्या मधल्या भिंतीने घरच्याच माणसाशी अबोला धरायचा, ही कुठली रीत? घरात तरी तोंडाने नाही म्हणा. नाही म्हटले की माणूस दुसरे दार शोधतो. गप्प बसले की तो नुसता उभा राहतो.

आमच्या जिल्ह्यात १९७४पासून दारूबंदी आहे. तीही एक भिंतच, आणि तिच्यातून कोण कसा आत येतो यावर बोलण्याची ही जागा नव्हे. एवढेच म्हणतो, की ज्यांना आत शिरायचेच आहे त्यांना भिंतीचे मौन अडवीत नाही. अडतात ते समुद्रपूरहून तिकीट काढून सरळ खिडकीवर येणारे. तेव्हा खिडकीमागच्या बाबूसाहेबांनो, तुम्ही स्वतः तरी भिंत होऊ नका. ‘दार बंद आहे, कुठले ते शोधतो आहोत, चार वाजता या,’ एवढे सांगा. बाई बाकावर बसतील, आणि उद्याचे तिकीट वाचेल.