इंग्रजीचं गाव कुठलं?

एक छोटीशी क्विझ. मोबाइल बाजूला ठेवा, गुगल करायचं नाही. आपल्या देशात किती जणांची मातृभाषा इंग्रजी असेल? म्हणजे आईशी बोलताना, भावाशी भांडताना, स्वप्नात बडबडताना इंग्रजीच वापरणारे लोक किती? एक कोटी? पन्नास लाख? मी हा प्रश्न आमच्या ग्रुपवर टाकला, तर सगळ्यात कमी उत्तर आलं वीस लाख.

खरं उत्तर आहे सुमारे २ लाख ६० हजार. हा २०११ च्या जनगणनेतला आकडा. त्याच जनगणनेत एकट्या लातूर शहराची लोकसंख्या ३ लाख ८२ हजार भरली होती. म्हणजे अख्ख्या भारतातली इंग्रजीची ‘माहेरची’ माणसं गोळा केली तरी लातूर काही भरायचं नाही! आणि गंमत बघा, पहिली, दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून इंग्रजी येते असं सांगणारे होते जवळपास १३ कोटी. आता या १३ कोटींनी ती बोलायची सवय कुणाशी बोलून केली असेल?

हा प्रश्न माझ्या डोक्यात घातला माझ्या रूममेटनं. ती शिरूर अनंतपाळची. पुण्यात नुसतं ‘शिरूर’ म्हटलं की समोरचा ‘अच्छा, घोडनदी!’ म्हणून मोकळा होतो. बीडमध्ये शिरूर कासार आहे, खुद्द लातूर जिल्ह्यात शिरूर ताजबंद आहे. त्यामुळे ती दर वेळी पूर्ण नाव सांगते, पत्ता सांगितल्यासारखं.

कामात बाई एकदम टॉप. एक्सेलमध्ये तिचा हात धरणारं फ्लोअरवर कुणी नाही. ईमेलही झकास लिहिते. पण कॉलवर क्लायंट आला की म्यूट! मागच्या अप्रेझलला शेरा मिळाला : टेक्निकली स्ट्राँग, कम्युनिकेशन वीक. पगारवाढ आणि क्लायंटसोबतचं काम पुढच्या रिव्ह्यूवर ढकललं. घरी धाकटा भाऊ इंजिनीअरिंगला आहे आणि त्याच्या फीचा अर्धा हप्ता हिच्याकडून जातो. त्यामुळे त्या एका शेऱ्याची किंमत तिला रुपयांत माहिती आहे.

मग तिनं संध्याकाळचा स्पोकन इंग्लिशचा क्लास लावला. तिथं ‘मायसेल्फ अमुक अमुक’ म्हणायचं नाही, हे शिकवलं. ‘मोबाइल शाप की वरदान’वर ग्रुप डिस्कशन झालं. सगळे एकमेकांना टाळ्या देत होते. पण क्लासच्या दाराबाहेर पाय ठेवला की पुन्हा मराठी नाहीतर हिंदी. सर म्हणाले, ‘बाहेर लोकांशी बोला, प्रॅक्टिस करा.’ बरोबरच आहे. कन्नड शिकायची तर बेंगळुरूत रिक्षावाल्याशी बोला, बंगाली शिकायची तर कोलकात्याच्या मासळी बाजारात जा. पण इंग्रजीचा बाजार कुठं भरतो?

माझ्या रूममेटनं तो शोधून काढला. रात्री साडेनऊला ती कस्टमर केअरला फोन लावते. ‘इंग्रजीसाठी २ दाबा’ ऐकलं की २ दाबते. मग स्वतःला तोंडपाठ असलेल्या प्लॅनची माहिती अगदी नम्रपणे विचारते. व्हॅलिडिटी किती? रोमिंगचं काय? पलीकडचा माणूस हसू शकत नाही, फोन ठेवू शकत नाही आणि शेवटी ‘थँक यू फॉर कॉलिंग’ म्हणतो. फुकटचा क्लास! मी हसून लोळले होते. पण नंतर जाणवलं की या शहरात तिच्याशी इंग्रजीत शांतपणे बोलणारा एकच माणूस तिला सापडला होता आणि त्याला त्याचा पगार मिळत होता.

यंदाच्या येळवशीला मी तिच्या गावी गेले. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी लातूरकडे गावं ओस पडतात, सगळे शेतात. कडब्याची कोप, भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यातली आंबील. ओळख असो नसो, वाटेनं जाणाऱ्याला हाक मारून जेवायला बसवतात. या सणाचं नावच कानडीतून आलंय, असं तिथले लोक सांगतात. ते ऐकून मी तिच्या आजोबांना विचारलं, ‘आजोबा, तुम्हाला कानडी येतं?’

‘येतं की.’

‘कुठं शिकलात?’

‘शिकायचं काय त्यात, पोरी? बैल घ्यायला-इकायला बाजारात जायचाव, बोलायचाव.’

‘मग सुरुवातीला चुकत नव्हतं?’

‘चुकायचं की! पर बैल त्याला बी इकायचा व्हता ना.’

मी तिथंच भज्जी खायची थांबले. भाषा शिकण्याचा अख्खा फंडा ऐंशी पार केलेल्या या माणसानं एका वाक्यात सांगून टाकला होता. समोरच्याला तुमचं बोलणं समजून घेण्याची गरज असली की तो तुमच्या चुका मोजत बसत नाही.

आणि आजोबा काही एकटे नाहीत. शिरूर अनंतपाळ ज्या निलंगा-उदगीर पट्ट्यात येतं, तो १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होता. राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा निलंगा, उदगीर आणि अहमदपूर हे बीदरचे तालुके मुंबई राज्यात आले. त्याआधी निजामाचं राज्य, सरकारी भाषा उर्दू. हैदराबादला १९१८ मध्ये निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यमही उर्दूच. त्यामुळे घरात मराठी, बैलबाजारात कानडी आणि कचेरीत उर्दू किंवा दख्खनी, हे इथल्या कित्येक घरांत रोजचं होतं. यातल्या बऱ्याच लोकांनी शाळेची पायरीसुद्धा धड चढली नव्हती. ‘कानडी विथ कॉन्फिडन्स’ असा क्लासही कुणी काढला नव्हता.

त्यांच्याच नातीचं बघा. २००० साली शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांच्या काळात राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. माझी रूममेट त्यानंतरची. पहिली ते बारावी आणि पुढं डिग्री, म्हणजे पंधरा वर्षं इंग्रजी. आजोबांना कानडीत बैल घ्यायला तीन-चार बाजार पुरले, नातीला पंधरा वर्षांनंतरही कॉलवर म्यूट दाबावं लागतं. ग्रामीण भारताची चाचपणी करणाऱ्या ‘असर’ अहवालात २०२२ साली आठवीतल्या साधारण ४७ टक्के मुलांनाच साधी इंग्रजी वाक्यं वाचता आली. हे नुसतं वाचण्याचं झालं. बोलण्याचा तर पेपरच नसतो फारसा.

मग शाळेला बाजार करता येईल का? आपल्याच राज्यात असा एक प्रयोग झालाय, साताऱ्याजवळच्या फलटणमध्ये. सुगाता मित्रा या शिक्षणतज्ज्ञानं २००९ मध्ये ब्रिटनमधल्या लोकांना आवाहन केलं होतं : घरी इंटरनेट आणि वेबकॅम असेल तर आठवड्यातून एक तास भारतातल्या मुलांशी गप्पा मारा. त्यात निवृत्त शिक्षिका आणि आज्या पुष्कळ निघाल्या, म्हणून नाव पडलं ‘ग्रॅनी क्लाउड’. २०१३ मध्ये मित्रांना १० लाख डॉलरचं टेड प्राइझ मिळालं. त्यातून सात ठिकाणी प्रयोगशाळा निघाल्या, पाच भारतात आणि दोन इंग्लंडमध्ये. फलटणची कमला निंबकर बालभवन ही शाळा त्यातली एक. या आज्यांनी व्याकरण शिकवायचं नव्हतं. गोष्ट सांगायची, गाणं म्हणायचं, पोरानं काही दाखवलं की ‘अरे वा, कसं केलंस हे?’ असं विचारायचं. बस्स.

आणि ही शाळा काढणाऱ्या संस्थेच्या संस्थापक कोण, तर मॅक्सीन बर्नसन. जन्मानं अमेरिकन, व्यवसायानं भाषाशास्त्रज्ञ. १९६०च्या दशकात त्या फलटणला आल्या, मराठी बोलू लागल्या, फलटणच्या बोलीवर डॉक्टरेट केली आणि पुढं भारताच्या नागरिक झाल्या. परदेशी लोकांनी मराठी कसं शिकावं, याची पुस्तकंही त्यांनी केली. म्हणजे ज्या गावात एक अमेरिकन बाई मराठीत रुळल्या, त्याच गावातली पोरं नंतर स्क्रीनवर इंग्रज आज्यांशी गप्पा मारत बसली. वर्तुळ पूर्ण, नाही का?

आता जरा स्वतःकडे बघू या. एखादी गोरी बाई मंडईत ‘मला टोमॅटो पायजे’ म्हणाली तर आपण काय करतो? ‘कित्ती गोड मराठी!’ भाजीवाल्या मावशी तर वर कोथिंबिरीची जुडी फुकट देतील. तिनं ‘मी गेलो’ म्हटलं तरी आपल्याला कौतुकच. आणि शिरूर अनंतपाळची मुलगी मीटिंगमध्ये ‘आय डिडन्ट went’ म्हणायच्या ऐवजी गप्प बसते, कारण तिला माहिती असतं, समोरचे दोघं एकमेकांकडे बघणार. गौरी शिंदेंच्या २०१२ च्या ‘इंग्लिश विंग्लिश’मधली शशी आठवते? न्यूयॉर्कच्या कॅफेत कॉफी मागताना तिचा पार चेंदामेंदा होतो. क्लासमध्ये मात्र ती फुलते. कारण क्लासमध्ये सगळेच चुकणारे असतात.

पण काउंटरवरही चुकणारं कुणी असू शकतं की! आमच्या घराजवळच्या कॉफी शॉपमध्ये माझ्या रूममेटनं मध्यंतरी प्रॅक्टिस सुरू केली.

‘हॉट ऑर कोल्ड, मॅम?’

‘हॉट. बट लेस शुगर.’

‘मॅम, शुगर इज सेपरेट.’

‘देन व्हाय यू नॉट टेल बिफोर?’

‘सॉरी मॅम. नेक्स्ट टाइम आय विल टेल बिफोर.’

तिसऱ्या-चौथ्या खेपेला त्यानंच विचारलं, ‘मॅम, यू आर फ्रॉम?’ ही म्हणाली, लातूर. त्यावर पठ्ठ्या एकदम म्हणाला, ‘आयला! आम्ही परभणीचे की!’ त्यालाही काउंटरवर इंग्रजीच बोलायचा नियम होता, तोही रोज घाबरत घाबरत बोलत होता. आता दोघांचं ठरलंय. रांग नसली की पाच मिनिटं फक्त इंग्रजी. विषय काहीही, बहुतेक वेळा पाऊस आणि सोयाबीनचा भाव. लातूर-परभणीचे दोघं पुण्यात इंग्रजीत सोयाबीनवर बोलतात, हे ऐकायला तुम्हाला फनी वाटेल. पण १३ कोटी आणि २ लाख ६० हजार या दोन आकड्यांचा अर्थ हाच आहे. आपल्याकडे इंग्रजी बोलणारा जवळपास प्रत्येक जण ती कुठून तरी शिकून आलाय. तुम्हीही आणि मीही. कुणी थोडं आधी, कुणी थोडं नंतर.

मागच्या महिन्यात तिच्या कॉलवर एक गोष्ट घडली. क्लायंटनं रिपोर्टबद्दल काही विचारलं. नेहमीप्रमाणे तिचा टीम लीड उत्तर देणार होता. पण टीममधली एक सिनिअर म्हणाली, की हा रिपोर्ट हिनं केलाय, हीच सांगेल. आणि मग ती सिनिअर थांबली. नुसती थांबली. माझ्या रूममेटच्या म्हणण्याप्रमाणे ती शांतता दहा मिनिटांची होती, खरं तर दहा सेकंदांची असेल. मग हिनं म्यूट काढला आणि सांगितलं. दोनदा अडखळली, एकदा वाक्य सोडून दिलं आणि नव्यानं सुरू केलं. क्लायंटनं पुढचा प्रश्न विचारला तो थेट हिचं नाव घेऊन. त्याला रिपोर्ट हवा होता हो, ग्रामर कशाला बघेल तो? आजोबांचा बैल!

अप्रेझल अजून व्हायचंय. तो शेरा बदलेल की नाही, सांगता येत नाही. पण आता ती कस्टमर केअरला फोन कमी करते.

तेव्हा तुम्हाला एक सांगायचंय. आपल्या ऑफिसात लातूर, नांदेड, हिंगोलीकडून जी मुलं-मुली येतात, त्यांच्यासाठी इंग्रजीच्या बाजारातली स्थानिक माणसं म्हणजे आपणच. त्यामुळे कुणी तुमच्याशी इंग्रजीत सुरुवात केली तर कीव येऊन लगेच मराठीवर उडी मारू नका, त्याला पुढं जाऊ द्या. वाक्य मध्येच दुरुस्त करू नका. फारच राहवलं नाही तर तेच वाक्य उत्तरात बरोबर म्हणा, तो उचलेल. शब्द अडकला तर तीन सेकंद थांबा. आणि कुणी खुसखुसलं तर त्याच्याकडे बघून हसू नका, कारण त्या हसण्याला जोडीदार लागतो.

सोमवारी टीममधल्या अशा एखादीला कॉफीला न्या. विषय तिलाच निवडू द्या. सोयाबीनचा निघाला तर भाव विचारून घ्या, आणि खरंच ऐका.