भिंतीवरील विद्या

अजिंठ्याचीं चित्रें पाहून आम्ही खानदेशवासी धन्य होतों. डहाणूकडील वारली चित्रास मात्र केवळ शोभेची नक्षी समजतों. ही समजूत चुकीची आहे. लग्नघरीं सुवासिनी तांदुळाच्या पिठानें भिंतीवर चौक लिहितात, त्यांत पालघट देवी विराजते. त्या चौकावांचून लग्न लागत नाहीं. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटांत पापुन्या येथें १९७१ सालीं आदिवासी वडीलधाऱ्यांनीं शाळेच्याच भिंतीवर आपल्या मधमुंगी-पूर्वजाची कथा रंगविली. पुढें तीवर रंग फासून ती बुजविण्यांत आली! आमच्या जिव्या सोमा म्हसे यांस पद्मश्री मिळाली, तीही २०११ सालीं. विद्यार्थीहो, वर्गांत साक्री-शिरपुराकडील आदिवासी सोबती असेल, तर त्याच्या घरच्या भिंतीविषयीं त्यासच आदरानें विचारा. अर्थ न विचारतां गिरविलेली आकृति ही विद्या नव्हे.