तपासणी तिची, जबाबदारी दोघांची

गर्भाशयमुखाच्या तपासणीत एचपीव्ही हा विषाणू सापडला की घरात पहिला सवाल येतो, ‘हे कुठून आणलंस?’ सवाल बाईलाच, कारण तपासणी तिचीच झालेली असते. पुरुषांसाठी या विषाणूची नेहमीच्या वापरातली मान्य चाचणीच नाही. त्याच्या अंगातला विषाणू कागदावर येत नाही आणि जिचा अहवाल हाती आहे ती आरोपी ठरते. विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, म्हणजे अहवाल हा बदफैलीचा पुरावा, असा हा पूर्वपक्ष.

तो आपल्याच भागात खोटा ठरला आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाने टाटा स्मारक केंद्राबरोबर १९९९ पासून शेजारच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास केला. ज्यांची एचपीव्ही चाचणी झाली, त्यांत दहा जणींमागे साधारण एकीला बाधा निघाली. खेड्यापाड्यांतल्या, संसारी बायका या. दर दहाव्या घरावर बदफैलीचा आळ घेणार का? हा विषाणू वर्षानुवर्षे गप्प राहू शकतो. तो कधी आला, कुणाकडून आला, हे अहवालातून कळतच नाही. लग्नाआधीचा एखादा संबंध, तिचा किंवा त्याचा, पुरेसा असतो. बहुतेक बाधा एक-दोन वर्षांत शरीर स्वतःच संपवतं.

दुसरा पक्ष दयाळू वाटतो: नवऱ्याला औषध द्यायचं नाही, मग सांगून संसारात माती कशाला कालवायची? मला हेही पटत नाही. जी बाधा टिकून राहते, तीच पुढे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाकडे नेऊ शकते. तिच्यासाठी पुन्हा तपासणी, दुर्बिणीतून पाहणी, प्रसंगी उपचार आणि नंतर काही आठवडे संबंध टाळणं लागतं. बार्शीच्या एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी, घरी मुलांकडे कोण बघणार, हे सगळं नवऱ्यापासून लपवून किती दिवस चालेल? चोरून केलेली तपासणी अर्ध्यावर सुटते. त्या अभ्यासात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने, पुढच्या उपचारांसह, आठ वर्षांत या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. ज्या परत आल्या, उपचार घेतले, त्यांच्यामुळे हे घडलं. शिवाय नव्या जोडीदाराला धोका माहीत असायलाच हवा. निरोधाने तो कमी होतो, पुरता टळत नाही.

म्हणून सांगावं, हेच माझं मत. पण कबुलीजबाब म्हणून सांगू नये, आणि एकटीने तर नाहीच. तिची तयारी असेल तर डॉक्टरांनी दोघांना समोर बसवावं आणि आधी नवऱ्याला सांगावं की विषाणू तुमच्याकडूनही आलेला असू शकतो. मारहाणीची भीती असेल, तर तिच्या परवानगीशिवाय घरात कुणालाही एक शब्द कळता कामा नये. तिचा जीव आधी. जुनी बाधा जाऊन चाचणी निर्दोष आली असेल, तर सोयरीक जुळवताना तिचा हिशेब मागण्याचा हक्क मी कुणाचाही मानत नाही. मुलाला तो हिशेब कोणी विचारतं का?

सोलापूरच्या छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयापासून गावच्या आरोग्य केंद्रापर्यंत, जिथे कुठे असा अहवाल हाती देतात, तिथे त्यावर ठळक मराठीत छापावं: ‘या अहवालावरून बाधा कधी व कुणाकडून झाली हे सांगता येत नाही. पुढची तपासणी चुकवू नका.’