नायीला नाई

सीमाभागात राहणाऱ्याला दोन भाषांचा एक फायदा असतो. एकीतली गंमत दुसरीत कळते. कन्नडमध्ये कुत्र्याला ‘नायी’ म्हणतात आणि आपल्याकडे केस कापणारा तो नाई. हे दोघे एका दारात भेटतील असे कधी वाटले नव्हते. यंदा बेळगावात एका पाटीवर ते भेटले. कुत्र्यांसाठी स्पा! सुगंधी स्नान, तेलमालिश, पंजांना लेप, नखांना रंग आणि शेवटी अत्तर. दर वाचला. आमच्या मराठी शाळेत मूल वर्षाला जेवढी फी भरते, त्याहून तो अधिक होता.

वाचकहो, आधी एक गोष्ट कबूल करतो. लांब केसांचे कुत्रे विंचरले नाही तर केसांच्या गाठी होतात आणि खालची कातडी चिघळते. नखे वाढली की त्याला धड चालता येत नाही. कान, गोचिडी यांकडेही पाहावे लागते. घरी जमत नसेल तर जाणकाराकडे जावे. त्या कामावर पोट भरणाऱ्या तरुणांशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते अत्तराशी, आणि अत्तर लावले की कर्तव्य संपले असे मानणाऱ्या मालकाशी.

हे अत्तर कोणासाठी? कुत्र्याचे सारे जग नाकात असते. आपल्याला मंद वाटणारा सुवास त्याच्या नाकाला मारा वाटतो. त्याची कातडी आपल्यापेक्षा वेगळी, म्हणून माणसाचा शांपू त्याला सोसत नाही. टी ट्रीसारखे सुगंधी तेल तर त्याला विषारी ठरते. म्हणजे सुख मालकाच्या नाकाला आणि शिक्षा मुक्या जिवाला!

तीच गोष्ट जातीची. सायबेरियाच्या बर्फासाठी घडलेला हस्की आपण वैशाखाच्या उन्हात आणतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून अंग निववतो. मग त्याच्यासाठी थंड खोली आणि स्पा. इकडे शेजारच्या बागलकोट जिल्ह्यात मुधोळ आहे. १९४८ पर्यंत ते घोरपड्यांचे संस्थान होते. तिथल्या शिकारी कुत्र्यावर २००५ साली भारतीय टपाल खात्याने तिकीट काढले. अंग सडपातळ, केस आखूड, ऊन सोसणारा. त्याला अत्तर नको, पळायला माळ हवा. तो माळ आपल्यापाशी नसेल, तर तो कुत्राही आपण पाळू नये.

आठवीच्या वर्गात मी विचारले, “कुणाकुणाच्या घरी कुत्रा आहे?” बरेच हात वर झाले. “त्याला रोज स्वतः फिरवून कोण आणते?” दोनच हात उरले. एक मुलगा म्हणाला, “सर, आमच्याकडे त्याला माणूस ठेवलाय.” त्या मुलाला मी काय बोलणार? त्याने घरी पाहिले तेच सांगितले. पैसे मोजले की माया होते, हा धडा आपण मुलांना देत आहोत. उद्या घरातल्या म्हाताऱ्यांसाठीही माणूस ठेवला जाईल आणि वेळ कोणीच देणार नाही. माझे खरे भय हे आहे.

बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरवले नाही तर १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याच्या ११व्या कलमाने तो गुन्हा ठरतो. तिथे मालिशची पावती दाखवून सुटका नाही. कायदा दूर राहो. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा आपण लहानपणी ऐकली आहे. तुपापेक्षा त्यातले धावणे मोठे. नामदेवांनी त्यासाठी नोकर पाठवला नाही.

आपल्या नरकचतुर्दशीच्या सुमारास नेपाळात कुत्र्यांची पूजा होते. कपाळी टिळा, गळ्यात झेंडूची माळ आणि पुढ्यात पोटभर अन्न. रस्त्यावरच्या कुत्र्यालाही तोच मान. आपणही या दिवाळीत एवढे करू या. फटाक्यांच्या आवाजाने थरथरणाऱ्या कुत्र्याजवळ घटकाभर बसावे. पिसाळ रोगाची लस चुकवू नये. दारातल्या बेवारशासाठी पाण्याचे भांडे ठेवावे. आणि पहाटे अभ्यंगस्नान झाले की साखळी स्वतःच्या हाती घेऊन, मुलाला बरोबर घेऊन, चालायला निघावे. त्याला पैसे पडत नाहीत. वेळ मात्र द्यावा लागतो.