आयता ऑब्जेक्ट नको!

मंडळी, हल्ली कुठलंही वेब फ्रेमवर्क उघडा, एक फुशारकी हमखास सापडते : यूआरएलमध्ये प्रश्नचिन्हापुढे जे येईल त्याचा ऑब्जेक्ट आम्ही आपोआप करून देतो, तुम्ही फक्त वापरा! इकडे अमेरिकेत काय आणि तिकडे पुण्यात काय, नवी मुलं यावर जाम खूश. मला मात्र ही सोय महागात पडणारी वाटते.

क्वेरी स्ट्रिंग म्हणजे अनोळखी माणसाने पाठवलेली चिठ्ठी. तिच्यात नुसती अक्षरं असतात. कुठला आकडा, कुठली तारीख, हे आपण ठरवायचं. २००५ सालचं आरएफसी ३९८६ एवढंच म्हणतं की तिथे बरेचदा नाव आणि व्हॅल्यू अशा जोड्या असतात. एकच नाव दोनदा आलं तर काय, याबद्दल चकार शब्द नाही. म्हणून पीएचपी शेवटची व्हॅल्यू धरते, जावा सर्व्हलेटचं गेटपॅरामीटर पहिली देतं आणि एएसपी डॉट नेट दोन्ही स्वल्पविरामाने जोडून देतं. चिठ्ठी एक, वाचनं तीन! दारावरचा पहारेकरी पहिली व्हॅल्यू तपासणार, आतला कारकून शेवटची वापरणार. चोराचं फावणारच की.

आता आपोआप रूपांतराची हुशारी बघा. न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीचा एक झिप कोड आहे ०७३०२. आकडा दिसला म्हणून पूर्णांक केला की उरतो ७३०२, आणि पत्ता बोंबलला. आपला पिन कोड शून्याने सुरू होत नाही, त्यामुळे भारतात बसून टेस्टिंग करणाऱ्याला हे सहसा दिसतच नाही. उलट +९१ वाला फोन नंबर एन्कोड न करता लिंकमध्ये टाका, अधिकच्या चिन्हाची रिकामी जागा होते.

यावर कोणी म्हणेल, हे किरकोळ आहे. मग मार्च २०१२ आठवा. एका रशियन प्रोग्रामरने गिटहबच्या फॉर्ममध्ये एक जादा पॅरामीटर घुसडला. रेल्सने तो इमानेइतबारे ऑब्जेक्टमध्ये भरला, आणि या गृहस्थाला खुद्द रेल्सच्या कोडमध्ये बदल करता आला! तिथे फॉर्म होता, पण यंत्रणा हीच : येईल ते भरा. त्याने आधी तक्रार केली तेव्हा ही जबाबदारी प्रोग्रामरची, असं उत्तर मिळालं होतं. २०१३ च्या रेल्स ४ मध्ये मात्र परवानगी दिलेलीच फील्ड घ्यायची, हा नियम झाला.

तोच नियम आपण पाळावा. हवी ती फील्ड नावानिशी लिहा, प्रत्येकाचा प्रकार आणि मर्यादा सांगा, बाकीचं फेकून द्या. नाव दोनदा आलं तर विनंती परत पाठवा. 'पन्नास फील्ड असतील तर?' अहो, क्वेरी स्ट्रिंगमध्ये पन्नास फील्ड, हाच मूळ रोग! टंकनाचा कंटाळा असेल तर लायब्ररी खुशाल वापरा, पण यादी तुमची हवी. घरात कोणाला घ्यायचं हे घरमालकाने ठरवायचं, पाहुण्याने नव्हे.